कातडे कमावण्याची विद्या : जुनी पुस्तके कशी वाचावीत?

(द्वितीय वर्ष बी. ए.)

मराठीत 'कमावणे' या क्रियापदाचे दोन अर्थ आहेत. माणूस पैसा कमावतो आणि कातडेही कमावतो. दुसरा अर्थ आपल्या बोलण्यातून हळूहळू नाहीसा होत चालला आहे, कारण ते काम करणारी माणसे गावाच्या कडेला राहिली आणि त्यांची मुले शक्य तितक्या लवकर त्या कामातून बाहेर पडली. मी त्याच माणसांपैकी एका घरातली. आमच्या घरात महाविद्यालयात आलेली मी पहिली. माझे आजोबा कातडी कमावीत. आजीने साल कुटली, पाणी वाहिले, कुंडे धुतली. वडिलांनी मात्र तो धंदा केला नाही. त्यामुळे ही विद्या माझ्यापर्यंत हाताने आली नाही. ती शिकावयाची तर पुस्तकाकडे जाणे भाग होते. प्रस्तुत लेखात या विषयावरील जुनी पुस्तके कोणती, ती वाचताना कोणत्या अडचणी येतात, त्यांतले काय आजही पडताळून पाहता येते आणि काय सोडून द्यावे, हे माझ्या समजुतीप्रमाणे मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

या विषयाला निमित्तही आहे. कोल्हापुरी चपलेला महाराष्ट्र व कर्नाटक या दोन राज्यांतील आठ जिल्ह्यांसाठी २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन जाहीर झाले. पुढे जून २०२५ मध्ये इटलीतील प्रादा कंपनीने मिलान येथील प्रदर्शनात कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या. आरंभी त्यांच्या मुळाचा उल्लेख नव्हता. टीका झाल्यावर कंपनीने भारतीय परंपरेचे ऋण मान्य केले. त्या दिवसांत चपलेच्या पट्ट्याविषयी, वेणीविषयी, गोंड्याविषयी पुष्कळ लिहिले गेले. परंतु चपलेच्या आधी चामडे असते, आणि चामड्याच्या आधी कुजू पाहणारे कातडे असते. त्या कातड्याचे चामडे कसे होते याविषयी फारसे कोणी बोलले नाही.

पुस्तके कोणी लिहिली, कोणासाठी लिहिली

जुनी पुस्तके म्हणजे एकच प्रकार नव्हे. पहिला प्रकार कारागिरांच्या कृतींचे संग्रह. जियोव्हान्व्हेंतुरा रोझेत्ती या गृहस्थाने व्हेनिस येथे १५४८ मध्ये 'प्लिक्थो' नावाचे रंगाऱ्यांचे पुस्तक छापले. लोकर, सूत व रेशीम यांच्या रंगांबरोबर त्याच्या शेवटच्या भागात चामड्याच्या कृती आहेत. त्याचे इंग्रजी भाषांतर १९६९ मध्ये प्रसिद्ध झाले. रंगाऱ्यांची गुपिते त्या काळी घराबाहेर जात नसत. म्हणून हे पुस्तक महत्त्वाचे.

दुसरा प्रकार शास्त्रज्ञांचा. हम्फ्री डेव्ही याने १८०३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे तुरट वनस्पती व कातडी कमावणे यांवर निबंध वाचला. त्यात आपल्याला आपलाच कात भेटतो. मुंबईकडचा व बंगालकडचा असा दोन प्रकारचा कात त्याने तपासला. २०० भाग कातामध्ये मुंबईच्या नमुन्यात १०९ भाग व बंगालच्या नमुन्यात ९७ भाग टॅनिन त्याला आढळले. टॅनिन म्हणजे कातडे टिकवणारे तुरट द्रव्य. ओकच्या सालीच्या सात-आठ पट काम कात करतो, असा त्याचा निष्कर्ष होता. पानाच्या डब्यातला कात लंडनच्या प्रयोगशाळेत तोलला गेला, ही गोष्ट मला प्रथम वाचताना मोठी गमतीची वाटली.

तिसरा प्रकार सरकारी. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा कोल्हापूरविषयीचा खंड १८८६ चा आहे. त्यानंतर प्रांतोप्रांतीच्या एकेका धंद्यावर अधिकाऱ्यांकडून प्रबंध लिहून घेतले गेले. मुंबई इलाख्यातील रंग व रंगकाम यांवर फॉसेट यांचा प्रबंध १८९६ चा, तर कातडी कमावणे व चर्मकाम यांवर मार्टिन यांचा १९०३ चा. मद्रास इलाख्यासाठी असाच प्रबंध चॅटरटन यांनी १९०४ मध्ये लिहिला. शिवाय एच. आर. प्रॉक्टर यांचे चामड्याच्या उत्पादनाची मूलतत्त्वे सांगणारे प्रसिद्ध इंग्रजी पुस्तक १९०३ चेच. चौथा प्रकार ग्रामोद्योगाच्या चळवळीतला. बंगालमध्ये खादी प्रतिष्ठानच्या सतीशचंद्र दासगुप्तांनी खेड्यातील कार्यकर्त्यांसाठी मेलेल्या जनावरापासून तयार चामड्यापर्यंतची सर्व माहिती देणारे हस्तपुस्तक लिहिले.

पुस्तक कोणासाठी लिहिले आहे हे आधी पाहावे, म्हणजे त्यात काय सापडेल व काय सापडणार नाही याचा अंदाज येतो. रोझेत्तीचा वाचक रंगारी आहे. तो अर्धे काम जाणतो असे गृहीत धरलेले आहे. डेव्हीला कारण हवे आहे. सरकारी प्रबंधाला व्यापाराची चौकशी करावयाची आहे : माल किती, कोणत्या जातीचे लोक, मजुरी काय, निर्यात वाढेल का. दासगुप्तांना मात्र खरोखरच कोणीतरी हे काम करावे असे वाटते, म्हणून त्यांच्यासारख्यांची लेखनपद्धती शिकणाऱ्याला जास्त उपयोगी पडते.

नावे आणि मापे

पहिला अडसर नावांचा. जुन्या इंग्रजी पुस्तकांत 'टेरा जापोनिका' म्हणजे जपानची माती असा शब्द येतो. ती माती नव्हे व जपानचीही नव्हे. कातासारख्या अर्कांनाच हे नाव होते. 'कॉपरस' या शब्दात तांबे ऐकू येते, पण तो आपला हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार. 'ब्लू स्टोन' म्हणजे मोरचूद. त्यात मात्र तांबे असते. या दोहोंत घोटाळा झाला तर काळ्या रंगाची कृती कधीच साधणार नाही. 'मायरोबलान' म्हणजे हिरडा. मद्रासकडचे 'आवारम' म्हणजे आपल्या माळावरचा पिवळ्या फुलांचा तरवड. 'वॉटल' हा मूळचा ऑस्ट्रेलियातला आणि आपल्या बाभळीचा नातलग. असे प्रत्येक नाव आपल्या शब्दात आणून वहीत लिहून ठेवल्याशिवाय पुढचे पान उलटू नये.

दुसरा अडसर मापांचा. 'मण' एकच नव्हता. मुंबईचा मण २८ पौंडांचा, तर बंगालकडचा रेल्वेचा मण ८२ पौंडांहून अधिक. इंग्लंडचे गॅलन सुमारे साडेचार लिटरांचे, अमेरिकेचे पावणेचारांहून थोडे अधिक. उष्णता फॅरनहाइटमध्ये दिलेली असते. सालीच्या पाण्याची तीव्रता 'बार्कोमीटर' या तरंगत्या काट्याने मोजत. त्याचा २० अंश म्हणजे त्या पाण्याचे विशिष्ट गुरुत्व १.०२०. हे एकदा समजले की कोड्यासारखी वाटणारी ओळ सोपी होते. कोणतेही प्रमाण वाचले की ते कातड्याच्या वजनावर आहे की पाण्यावर, आणि कातडे ओले की सुके, हे विचारावे. पुस्तक ते सांगत नसेल तर त्या आकड्यावर विसंबू नये.

कातडे आणि चुना

ताज्या कातड्यात निम्म्याहून अधिक पाणीच असते. उरलेल्या भागात मुख्यतः तंतूंचे जाळे असते. वरचा केसांचा पातळ थर आणि खालचे मांस-चरबी काढून मधले जाळे तेवढे ठेवावयाचे, हे पहिले काम. जनावर सोलल्यावर काही तासांतच कुजण्यास आरंभ होतो, म्हणून मीठ चोळून ठेवतात. पुढे ते धुऊन, भिजवून चुन्यात घालतात.

चुन्याच्या बाबतीत जुन्या पुस्तकांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. कोणी कातड्याच्या दहा टक्के चुना सांगतो, कोणी त्याहून कमी, कोणी जास्त. प्रथमदर्शनी वाचक गोंधळतो. पण याचे कारण रसायनशास्त्रात आहे. चुना पाण्यात फारच थोडा विरघळतो; लिटरला जेमतेम दीड-पावणेदोन ग्रॅम. बाकीचा तळाशी बसतो. म्हणजे चुना दुप्पट टाकल्याने पाणी दुप्पट तीव्र होत नाही. खर्च झालेल्या चुन्याची जागा भरणारा साठा तेवढा वाढतो. तेव्हा प्रमाणापेक्षा रोज ढवळणे व कातडे वर-खाली करणे महत्त्वाचे ठरते. लेखकांचे आकडे वेगळे असूनही सर्वांची कातडी चांगली का निघत, याचे उत्तर येथे मिळते.

जुन्या चुन्याचे पाणी लगेच फेकत नसत. केस सैल करण्यास जुने पाणी चांगले, कारण त्यात सूक्ष्म जंतू व कातड्यातून सुटलेली द्रव्ये असतात. नंतर कातडे नव्या चुन्यात नेत. केस रापीच्या बोथट बाजूने किंवा लाकडाच्या गोल ओंडक्यावर ठेवून काढतात. मग चुना धुऊन काढणे आले. तो आत राहिला तर साल नीट लागत नाही आणि चामडे कडक, ठिसूळ होते.

आत चुना उरला की नाही हे कसे ओळखावे? आजच्या पुस्तकांत फिनॉल्फ्थॅलिनचा थेंब टाकून पाहा असे सांगितले असते. तो नसेल तर आपल्या घरात हळद आहे. हळदीत चुना मिसळला की ती लाल होते. कुंकू करण्याची जुनी रीत हीच. कातड्याची कड कापून ताज्या कापावर ओली हळद लावली आणि मधला पट्टा लाल झाला, तर चुना अजून आत आहे. मी हे करून पाहिले. तीन वेळा पाणी बदलल्यानंतर दोन्ही कडा पिवळ्या राहिल्या, मध्ये लाल रेघ दिसली. पुढच्या दोन दिवसांत ती रेघ गेली.

साल, हिरडा आणि सबुरी

आता खरे कमावणे. टॅनिन तंतूंना चिकटते, त्यांच्यामधले पाणी हटवते आणि कुजणे थांबवते. हे डोळ्यांनी पाहण्यास प्रयोगशाळा लागत नाही. हिरड्याचा काढा गाळून थंड करावा. कोमट पाण्यात थोडे जिलेटिन विरघळवून त्यात ओतावे. दोन्ही पातळ पदार्थ स्वच्छ असले तरी मिसळताच गढूळ होतात व साका खाली बसतो. जिलेटिन हे कातड्यापासूनच काढलेले असते. म्हणजे कुंडात जे महिनाभर घडते त्याची झलक पेल्यात एका क्षणात दिसते. डेव्हीने टॅनिन मोजले ते याच तत्त्वावर.

आपल्याकडची मुख्य द्रव्ये बाभळीची साल, हिरडा व तरवडाची साल. बाभूळ चामड्याला भरीवपणा व तांबूस रंग देते. हिरडा एकट्याने लावल्यास हळू मुरतो व चामडे मऊ राहते. पण बाभळीबरोबर दिल्यास रंग उजळ, पिवळसर होतो. म्हणून आमच्या भागात दोन्ही मिळून वापरण्याची रीत पडली. भांडे लोखंडाचे नसावे, कारण टॅनिनला लोखंड लागले की काळे डाग पडतात. जुन्या पद्धतीत कातड्याची पिशवी शिवून ती लाकडी चौकटीला टांगत, आत साल व सालीचे पाणी भरत. पाणी कातड्यातून झिरपून खाली पडे, ते पुन्हा वरून ओतत. काही दिवसांनी पिशवी उलटी करून टांगत, म्हणजे तोंडाकडचा भागही लागे. यंत्र नाही, पंप नाही. पाण्याच्या वजनानेच रस कातड्याच्या आरपार जातो. या योजनेतील हुशारी मला पुस्तकातली आकृती पाहून नव्हे, तर कारण समजल्यावर जाणवली.

सर्व चांगली पुस्तके एक नियम सांगतात : आरंभ सौम्य पाण्याने करावा व पुढे तीव्र पाण्याकडे जावे. तो पडताळण्यासाठी मी म्हशीच्या चुना काढलेल्या कातड्याचे तळहाताएवढे दोन तुकडे घेतले. एक मुद्दाम पहिल्या दिवसापासून बाभळीच्या दाट पाण्यात ठेवला. दुसरा फिकट पाण्यात ठेवून दर चार दिवसांनी साल वाढवत गेले. पहिला तुकडा दोन दिवसांत असा गडद झाला की कोणालाही वाटावे, हाच पुढे आहे. बाराव्या दिवशी दोन्हींच्या कडा कापल्या. दाट पाण्यातला तुकडा वर सुरकुतला होता आणि दोन तांबड्या थरांमध्ये कच्चे पांढरे कातडे तसेच होते. फिकट पाण्यातल्या तुकड्याचा रंग साधा होता, पण तो अधिक खोलवर गेला होता. पस्तिसाव्या दिवशी दुसरा आरपार लागला. पहिल्यात पांढरी रेघ अजून होती. बाहेरचा थर घाईने भरला की तो आतल्या थराचा दरवाजा बंद करतो, हे त्याचे कारण. कच्ची रेघ राहिलेला तळ पावसाळ्यात भिजला की सडतो.

कमावलेपणाची आणखी एक परीक्षा गरम पाण्याची आहे. कच्च्या कातड्याची चिंधी सुमारे ६० ते ६५ अंश सेल्सिअसला आखडते. सालीने कमावलेले चामडे साधारण ७५ ते ८५ अंशांपर्यंत तग धरते. क्रोमने कमावलेले चांगले चामडे उकळत्या पाण्यातही आखडत नाही.

क्रोमचा उल्लेख आला म्हणून सांगावयास हवे की, सालीचा धंदा मागे पडण्याचे मोठे कारण हेच. ऑगस्टस शुल्झ यांनी १८८४ मध्ये अमेरिकेत क्रोमच्या दोन टप्प्यांच्या पद्धतीचे एकस्व घेतले. मार्टिन डेनिस यांनी १८९३ मध्ये एका टप्प्याची पद्धत काढली. ज्याला साल महिना-दीड महिना घेते, ते काम क्रोम एक-दोन दिवसांत करते. आज जगातले बहुतेक चामडे क्रोमचे असते. तथापि कोल्हापुरी चपलेचा तळ सालीच्याच चामड्याचा करतात. तो घाम शोषतो, वापराने पायाचा आकार घेतो व खिळ्यांवाचून चामड्याच्या वादीने शिवता येतो.

रंगाच्या कृती

रंगाच्या जुन्या कृती बहुधा कापडासाठी असतात. त्या चामड्याला लावताना एक गोष्ट विसरता कामा नये : कापड उकळता येते, चामडे उकळता येत नाही. वर दिलेले आखडण्याचे अंश पाहिले म्हणजे कारण उघड होते. तेव्हा मंजिष्ठ, लाख, डाळिंबाची साल यांचा काढा वेगळा उकळून, गाळून, कोमट झाल्यावरच चामड्यावर ब्रशाने किंवा चिंधीने लावावा. आधी तुरटीचे सौम्य पाणी द्यावे, म्हणजे रंग धरतो.

काळा रंग सर्वांत सोपा व सर्वांत फसवा. सालीने कमावलेल्या चामड्यात टॅनिन आधीच असते. त्यावर हिराकशीचे किंवा गंजलेले लोखंड गुळाच्या पाण्यात आंबवून केलेले पाणी लावले की चामडे डोळ्यांदेखत काळे पडते. हिरड्याचे काळे निळसर दिसते, बाभळीचे हिरवट. शाई करण्याची जुनी रीत हीच. फसवा अशासाठी की, लोखंड जास्त झाले तर वरचा थर काही वर्षांत तडकू लागतो. म्हणून पाणी सौम्य घ्यावे, नंतर धुवावे आणि तेल द्यावे.

चामडे किती टिकते याचा पुरावा पाहावयाचा असेल तर जुन्या ग्रंथालयात जावे. काही जुन्या चामडी बांधणीच्या पुस्तकांना हात लावला की बोटांना तांबूस भुकटी लागते. इंग्लंडमध्ये सोसायटी ऑफ आर्ट्सने पुस्तकबांधणीच्या चामड्याची चौकशी करण्यास समिती नेमली होती. तिचा अहवाल १९०१ चा. आपल्याकडून जाणारे, तरवडाच्या सालीने कमावलेले चामडे पुस्तकांच्या बांधणीला वाईट, असे त्या समितीचे मत पडले. याचा अर्थ तरवड वाईट असा नाही. चपलेचे आयुष्य आणि पुस्तकाचे आयुष्य वेगळे. दिव्यांचा धूर व हवेतील आम्ल बांधणीवर शंभर वर्षे काम करते. ज्या द्रव्याने मोटेचे चामडे उत्तम होते, त्यानेच बांधणी बिघडू शकते. 'चांगले चामडे' असे मोघम म्हणून चालत नाही; कशासाठी चांगले, हे विचारावे लागते.

जुने ते सगळेच सोने नव्हे

जुन्या पुस्तकांचा आदर करताना एक इशारा द्यावासा वाटतो. केस लवकर काढण्यासाठी चुन्यात हरताळ मिसळण्याच्या कृती त्यांत आढळतात. हरताळात सोमलाचे विष असते. काही रंगकृतींत शिशाचे क्षार आहेत. क्रोमच्या पहिल्या पद्धतींत वापरले जाणारे बायक्रोमेट कातडीला जखमा करते आणि फुप्फुसांना घातक आहे. हे लिहिणाऱ्यांना त्या विषांची आजच्याइतकी ओळख नव्हती आणि ज्यांचे हात कुंडात होते त्यांना कोणी विचारलेही नाही. अशा कृती इतिहास म्हणून वाचाव्यात, करून पाहू नयेत. साधा चुनासुद्धा डोळ्यांत गेल्यास इजा करतो. हातमोजे व चष्मा यांवाचून त्याला शिवू नये. चुन्याचे व सालीचे पाणी ओढ्यात सोडू नये.

पुस्तकात नसलेले

हे सारे वाचत असताना मी रात्री आजीला एकेक उतारा मराठीत सांगत असे. ती ऐकून घेई आणि मध्येच विचारी, "सायब कुंडात उतरला हुता व्हय गं?" पुस्तकात 'पाणी पुरेसे तीव्र होईपर्यंत' असे लिहिलेले असे. आजी म्हणे, "जिभंवर थेंब ठेवायचा. तोंड आवळलं, की समजायचं." बार्कोमीटरचा अंश तिला ठाऊक नाही, तिच्या जिभेला तुरटपणाच्या चार-पाच पायऱ्या ठाऊक आहेत, आणि प्रत्येकीला तिच्याकडे शब्द आहे. कातडे अंगठ्याने दाबून खळगा किती वेळ राहतो त्यावरून चुना किती मुरला हे ती सांगते. हे ज्ञान पुस्तकाच्या विरुद्ध नाही. पुस्तकाने जेथे 'पुरेसे', 'योग्य', 'अनुभवाने' असे शब्द वापरून हात टेकले, बरोबर तेथून ते सुरू होते. मी तर म्हणेन की, जुन्या पुस्तकात असे मोघम शब्द आले की त्यांखाली रेघ मारावी; कारागिराला काय विचारावयाचे याची यादी आपोआप तयार होते.

वडिलांना मात्र माझा हा उद्योग रुचला नाही. ते म्हणाले, "त्या कुंडातून बाहेर पडायला आपल्याला तीन पिढ्या लागल्या. तू कॉलेजात जाऊन परत तिथंच हात घालणार?" हा प्रश्न साधा नाही, आणि त्याला घाईने उत्तर देणे बरे नव्हे. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडा, लाचारीची कामे सोडा, असे सांगितले. त्यानंतरच्या दशकात गांधीजींनी खेड्यातील कातडी कमावण्याचा धंदा सुधारावा असा आग्रह धरला. वर्ध्याजवळ नालवाडीला गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय चालविले. एकीकडे धंद्याची सुधारणा, दुसरीकडे माणसाची सुटका. आमच्या ढोर समाजाने या दोन्ही वाटा पाहिल्या आहेत. बाराव्या शतकात कल्याणला बसवेश्वरांच्या भोवती जमलेल्या शरणांत आमचे ककय्या होते. त्यांनाही श्रमाची प्रतिष्ठा आणि जातीचे जोखड यांतील फरक कळला होता, असे मी समजते.

मला वाटते, वाईट होती ती सक्ती. जन्माने ठरलेले काम, त्या कामाची घाण फक्त एकाच वस्तीच्या वाट्याला, आणि त्यातले ज्ञान मात्र ज्ञान म्हणून कोणी मोजावयाचे नाही, हे अन्यायाचे होते. वडील त्यातून निघाले ते योग्यच केले. पण निघताना त्यांना विद्याही तेथेच टाकून यावी लागली, कारण विद्या आणि अपमान एकाच कुंडात होते. आता त्या दोन गोष्टी वेगळ्या करणे शक्य आहे. पुस्तक ते काम करते : ज्याला हवे तो ते उघडतो, नको तो मिटतो, आणि त्यावर कोणाची जात लिहिलेली नसते. हे मी वडिलांना सांगितले. त्यांनी मान डोलावली नाही. पण दुसऱ्या दिवशी आजोबांची रापी माळ्यावरून काढून, गंज पुसून माझ्या टेबलावर ठेवली. आम्ही त्यावर पुढे बोललो नाही.

शेवटी दोन सूचना

हा लेख वाचून कोणी कातडी कमावू लागावे अशी माझी अपेक्षा नाही. अपेक्षा वेगळी आहे. आपल्या वर्गात कुंभार, कोष्टी, तांबट, बुरूड, लोहार, रंगारी अशा घरांतून आलेली मुले-मुली पुष्कळ आहेत. त्या प्रत्येक धंद्यावर कोठेतरी जुना इंग्रजी प्रबंध पडलेला आहे, आणि प्रत्येक घरात कोणीतरी वृद्ध माणूस आहे. या दोघांची गाठ घालून देऊ शकेल अशी आपली पहिलीच पिढी. कारण आपल्याला इंग्रजी वाचता येते आणि घरातली बोलीही समजते. ही सोय आपल्या आधी नव्हती, आणि म्हातारी माणसे गेल्यावर पुढेही राहणार नाही.

म्हणून पहिली सूचना मित्रमैत्रिणींना : आपल्या घरच्या धंद्यातील हत्यारे, पदार्थ व क्रिया यांचे शंभर शब्द एका वहीत उतरवा, आणि प्रत्येकापुढे तो शब्द सांगणाऱ्याचे नाव लिहा. जुन्या प्रबंधांत अधिकाऱ्याचे नाव मुखपृष्ठावर असे. माहिती देणाऱ्याचे क्वचितच. दुसरी सूचना अध्यापकांना नम्रपणे : अशा वह्यांना आपल्या ग्रंथालयात एक फळी मिळावी, आणि प्रबंधाइतकेच त्यांचे वाचन व्हावे. माझ्या वहीत आजपर्यंत त्रेसष्ट शब्द झाले आहेत. त्यांतले एकोणचाळीस आजीचे.